रीत न दाखवता

१८७८ साली कल्याण बंदरात तांडेलांना होडी हाकायच्या परवान्यासाठी परीक्षा लागली. प्रश्न होता : आज पूर्ण भरती कधी? परीक्षा घेणाऱ्या गोऱ्या साहेबाने आधी स्वतः पितळी यंत्रातून सूर्य मोजला, विलायती कोष्टकं उघडली आणि तीन पानं गणित करून उत्तर काढलं : आजची पूर्ण भरती चार वाजता.

चाळीस वर्षं खाडीत मचवा हाकणाऱ्या धाकू तांडेलाने नुसती बोटांवर तिथी मोजली. "आज पुनव हाय सायब. भरती झाली, आता ओहोटी लागंल."

रीत दाखवली नाही म्हणून साहेबाने त्याला नापास केलं आणि तीन वाजता आपली बोट घेऊन ऐटीत ठाण्याला निघाला.

तासाभरात निरोप आला : बोट चिखलात बसली आहे, धाकूला ताबडतोब पाठवा.



धाकू जाळं विणता विणता म्हणाला, "सायबाला सांग, मना परवाना नाय."