कानांपुढचा शब्द

शुद्धीवर आल्याआल्या शकुंतलाबाईंनी सवयीने आपल्या यांत्रिक कानाशी चुटकी वाजवली. मग दुसऱ्या कानाशी वाजवली आणि बोटांकडे बघतच राहिल्या.

त्यांचे यजमान भास्करराव खाटेपाशीच होते. ते तंत्रज्ञ रेश्माकडे वळले. "कान बिघडले का गं हिचे?"

"कान ठणठणीत आहेत, काका." रेश्माची मान वर होईना. "नवं हृदय बसवताना बाकीच्या यंत्रांपुढे आम्ही फाइलमध्ये 'बंद' लिहितो, म्हणजे ती मध्येच जागी होत नाहीत. शेवटी सगळ्यांपुढे पुन्हा 'चालू' लिहायचं असतं. डोळ्यांपुढे लिहिलं, गुडघ्यांपुढे लिहिलं. कानांपुढे राहून गेलं माझ्याकडून. आता शरीरातली प्रणाली त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही."

"मग लिही की आता!"

"लिहिलंय, काका. पण प्रणाली ती फाइल फक्त सुरू होताना वाचते. पुन्हा सुरू करायची तर आधी बंद करावी लागेल, आणि हृदय तिच्यावरच चाललंय. ते दुसऱ्यांदा थांबलेलं काकूंना सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले."

"म्हणजे कायमचं?"

रेश्मा होकारार्थी मान हलवून निघून गेली.

भास्कररावांनी बायकोचा हात हातात घेतला. मग ओठ तिला दिसू नयेत म्हणून खिडकीकडे तोंड करून त्यांनी तिला सगळं खरं खरं सांगून टाकलं.

त्यांच्या पाठीवरून हात फिरवत शकुंतलाबाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "कान सुरू झाले ना, की पहिला तुमचाच आवाज ऐकायचाय मला."