कागदावरची शांतता

अमेरिकेतल्या प्लेनोच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या श्रोत्यांसमोर, सई एकटीच फ्लूट वाजवत होती. रचना एका जपानी संगीतकाराची, सुरांपेक्षा फुंकरच जास्त. रेकॉर्डिंग चालू होतं. कॉलेजप्रवेशाची कॅसेट आजच पोस्टात पडायला हवी होती. मध्येच ती थांबली. थांबलीच! पहिल्या रांगेतले तिचे वडील प्रल्हादबुवा खुर्चीत पुढे सरकले. ते हौशी कीर्तनकार. बुवा अडला की श्रोत्यांनी टाळी धरून सांभाळून घ्यायचं, एवढं त्यांना ठाऊक. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवायला घेतल्या. मागोमाग अख्खं मराठी मंडळ सुरू झालं. सईनं फ्लूट खाली ठेवली. "बाबा, तो सायलेन्स म्युझिकमध्येच होता!" "अगं, मला वाटलं, विसरलीस…" तिनं नोटेशनचा कागद पुढे केला. अजून झिणझिणणाऱ्या हातांनी त्यांनी तो धरला. मधल्या रिकाम्या जागेत तिच्या वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'इथे बाबा कीर्तनात थांबतात तसं थांबायचं.'