चिंच जास्त झालीय

टीव्हीवर मसाल्याची जाहिरात लागली आणि अच्युतराव आमटीचा भुरका मारून म्हणाले, "वा कुमुद, तुझ्या हाताला काय चव आहे."

अच्युतरावांना जाऊन वर्ष उलटलं होतं. हल्ली जाहिराती घराघरासाठी वेगळ्या बनत, आणि त्या घरातलं गेलेलं माणूस त्यांत हमखास दिसे.

कुमुदताईंनी जन्मभर कॉलेजात जाहिरातींची चिरफाड शिकवली होती. त्या लेकीला म्हणाल्या, "उजेड बघ कसा पिवळसर ठेवलाय, घर उबदार वाटावं म्हणून. पुरुष जेवतोय, बाई वाढतेय, आणि त्याने शाबासकी दिली की तिचं सार्थक. पण इथेच फसले बघ. तुझ्या बाबांनी कधी कौतुक केलंय माझं? 'चिंच जास्त झालीय,' एवढंच म्हणायचे."

"आई, हळू बोल. टीव्ही सगळं ऐकतो," मृण्मयी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवताना तीच जाहिरात लागली. अच्युतरावांनी भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. "चिंच जास्त झालीय गं."

मृण्मयीने बंद करायला रिमोट उचलला. कुमुदताईंनी तिचा हात धरला आणि पडद्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "उद्या कमी घालते."