अर्धा रत्तल

पारडं खाली टेकलं ते टेकलंच.

तांदळाच्या वखारीतला तो पोती तोलायचा काटा. आज हनुमान जयंतीच्या मुष्टियुद्धासाठी त्यावर माणसं तोलत होते. एका पारड्यात एकशेबारा रत्तलांची लोखंडी वजनं, दुसऱ्यात लंगोटावर मांडी घालून बसलेला भागोजी हवालदार. कुशाबा हमालानं पलीकडे आणखी अर्ध्या रत्तलाचं वजन टाकलं, तेव्हा कुठे दांडी सरळ झाली.

"अर्धा रत्तल जास्ती," कुशाबा पुटपुटला, जणू चूक त्याचीच होती.

भागोजीला एकेचाळिसावं लागलं होतं. महाडपासून पोलादपुरापर्यंत त्याच्या वजनात त्याला आडवा करणारा अकरा वर्षांत निघाला नव्हता. ह्या अर्ध्या रत्तलासाठी तीन आठवडे तो नाचणीच्या पेजेवर होता, आणि काल दुपारी ह्याच काट्यावर बरोबर भरला होता.

मंडळाचे चिटणीस चिंतामणराव वकील यांनी खिशातलं घड्याळ काढलं. "अकरा वाजले. बारापर्यंत वजनात बसायचं, नियमच आहे. मनाला लावून घेऊ नका, भागोजी. संध्याकाळी शाल घालून तुमचा सत्कार करू. जिंकणाऱ्याची ढाल यंदा आमच्या सहदेवाला जाऊ द्या. पोरगा बावीस वर्षांचा आहे, त्याचे दिवस आहेत."

बिरवाडीचा सहदेव मघाशीच वजन देऊन पोत्यांच्या थप्पीवर बसला होता. त्यानं मान खाली घातली.

काल बरोबर आणि आज जास्त. भागोजीनं पहाट आठवली. मारुतीच्या देवळात जन्माचं कीर्तन होतं. यज्ञेश्वरबुवांनी अशी काही चाल धरली की पोटात भूक आहे हेच विसरून तो टाळ कुटत राहिला. सूर्य वर आला, फुलं उधळली, प्रसाद निघाला. सगळ्यांच्या तळहातावर चिमूटभर सुंठवडा. त्याच्या हातात मात्र शिऱ्यानं शिगोशीग भरलेला द्रोण. तो मागं सरला तेव्हा बुवा प्रेमानं म्हणाले होते, "घ्या हो. चिंतामणरावांनी मुद्दाम करवून घेतलाय, तुमच्यासाठी म्हणून."

बुवांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. त्यानं डोळे मिटून द्रोण कपाळाला लावला होता आणि शेवटच्या कणापर्यंत पुसून खाल्ला होता.

भागोजीच्या कानशिलाची शीर उडायला लागली. आपल्याला एक दिवस कोणीतरी हरवणार, हे त्यानं कधीच कबूल केलं होतं. पण समोरून.

कुशाबा कानाशी लागला. "हवालदार, मागल्या दारी चला. घशात दोन बोटं घाला. एका ओकारीत काम होतंय."

"प्रसाद हाय तो."

"अवो, डाव हाय त्या वकिलाचा."

"डाव वकिलाचा. प्रसाद मारुतीचा." भागोजी पारड्यातून उतरला. "गोणपाटं दे चार. आन तुजी घोंगडी."

चैत्रातलं ऊन वखारीच्या पत्र्यावर तडतडत होतं. गोणपाटं गुंडाळून, वर घोंगडी आवळून भागोजी धावू लागला. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोत्यांच्या थप्पीवर चढायचं, उतरायचं, पुन्हा भिंत. तांदळाचा भुसा नाकातोंडात जात होता. घाम आधी धारेनं आला, मग थेंबाथेंबानं, मग येईनासा झाला. तरी तो थांबला नाही. चिंतामणरावांसमोरून जाताना दर खेपेला त्यांच्याकडे बघायचा आणि पाय आणखी जोरात आपटायचा.

"काका, बसा आता," सहदेव न राहवून म्हणाला. "मरायला होईल."

भागोजीनं ऐकलं नाही.

बाराला पाच मिनिटं असताना तो घोंगडी टाकून पारड्यात बसला. ओठ फुटले होते. कुशाबानं पलीकडचं अर्ध्या रत्तलाचं वजन उचललं. दांडी हलली, डुलली, आणि सरळ झाली.

"भरला," कुशाबा म्हणाला. "एकशेबारा. चोख."

चिंतामणरावांनी घड्याळ खिशात घातलं आणि हसले. "शाबास. अहो, देवाचाच प्रसाद तो, आपुलकीनं दिला. मनात काही राग ठेवू नका."

भागोजी पोत्याला धरून उभा राहिला.

"वकीलसाहेब, तुमचं वजन किती?"

"माझं? असेल एकशेसत्तर. का हो?"

"मंग तुमी बसत नाय नियमात." भागोजीनं सहदेवाकडे पाहिलं. पोरगा सरळ होता, मघाशी काका म्हणाला होता. "राग तुमच्यावर हाय. पन सांजच्याला माज्यासमोर हा उभा ऱ्हानार."

सहदेव थप्पीवरून खाली उतरला आणि चिंतामणरावांपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.