अचोलचा फोन

लिलाधर ऑटोतून उतरला तेव्हा करडीतलं अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं. बोअरवेलच्या कामासाठी तो दक्षिण सुदानात गेला होता. तिथं दोन जमातींत मारकाट सुरू झाली आणि तो अडकला. सरकारनं पाठवलेल्या विमानातून काल तो दिल्लीत उतरला आणि आज नागपूरमार्गे सुखरूप गावी पोचला होता. अंगावर मळका शर्ट, सामान काहीच नाही.

बायाबाईनं दारातच लेकाचे खांदे, हात, डोकं चाचपून पाहिलं.

"सगळा हायेस ना रे?"

"हाव माय, सगळा हाय," तो हसत म्हणाला.

त्याच्या बापानं, तुलारामनं, पहाटेच गावतळ्यात, बोडीत, जाळं टाकून मरळ आणली होती. अंगणात पंगत बसली. रश्श्याचा वास गल्लीभर पसरला. लिलाधरनं पहिला घास उचलला आणि तसाच पानात ठेवला.

"काहून रे? खारट झालं का?"

"अचोलचा फोन लागून नाही राह्यला, माय."

अचोलची कामगारांच्या छावणीसमोर चहाची टपरी होती. जमावानं छावणी पेटवली तेव्हा तिनं लिलाधरला आपल्या झोपडीत ज्वारीच्या पोत्यांमागं दडवलं. बंदुका घेऊन माणसं दाराशी आली, तर आत आजारी पोरं आहेत म्हणून ती वाट अडवून उभी राहिली. गोळीबार थांबल्यावर विमानतळाच्या गाडीत तिनंच त्याला बसवलं. त्याच रात्री तिची वस्ती जळाली, असं त्याला दिल्लीत कळलं होतं.

बायाबाईनं वाढपाचं भांडं खाली ठेवलं. तुलारामनं हात मागे घेतला. मग पंगतीतले सगळेच थांबले. रस्सा निवत गेला. लिलाधर पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिला.

आणि तिकडूनच फोन आला.

पडद्यावर एक काळीसावळी, घामेजलेली बाई. मागं ताडपत्र्यांची पालं. लिलाधर एकदम उभाच राहिला. दोघंही तिकडच्या भाषेत एकमेकांवर ओरडू लागली, हसू लागली.

"जिती हाय! नदीपल्याड गेली, पोरंबी संग हायेत!" तो पंगतीला सांगत सुटला.

बायाबाईनं पदराला हात पुसले आणि फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"जेवली का वो बाई?" इतक्या दूर ऐकू जावं म्हणून ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

अचोल काहीतरी म्हणाली. मांडीवरचं पोर तिनं वर उचलून दाखवलं. त्याचे गाल घासानं फुगलेले होते.

"माय, ते म्हणते का..."

"तू चूप राह्य. जेव. समजून राह्यलं मले."

लिलाधर खाली बसला आणि जेवू लागला. अंगणातल्या बाया उष्ट्या हातांनी बायाबाईभोवती गोळा झाल्या. तिकडंही पालांमधून बाया येऊन अचोलच्या खांद्यावरून डोकावू लागल्या. दोन्हीकडं सगळ्याच एकदम बोलत होत्या आणि कुणीच कुणाला 'काय म्हणालीस?' असं पुन्हा विचारत नव्हतं.