पुढची तारीख

सत्त्याण्णव साली, आईला सोबत व्हावी म्हणून जुन्नरच्या घराला लागून भाडेकरूसाठी एक खोली बांधायचं मी ठरवलं. शेजारच्या हद्दीपासून नियमाइतकी जागा सुटत नव्हती. नगरपालिकेकडून सवलत मिळणार होती, पण शेजारच्या पारसभाऊंनी सुनावणीला येऊन आपली हरकत नाही एवढं सांगायला हवं होतं.

ते कधीच आले नाहीत. दर वेळी मी रजा टाकून ठाण्याहून यायचे, पालिकेच्या बाकावर त्यांची वाट बघत बसायचे आणि पुढची तारीख घेऊन घरी जेवायला जायचे.

"पाच मिनिटं दुकान बंद ठेवता येत नाही त्यांना?"

"आसंल काय तरी काम. तू जेव. मासवड्या केल्यात."

"खोलीचं एकदा झालं ना, आई, की माझ्या या खेपा तरी वाचतील."

आई ताटात आणखी एक वडी वाढायची.

आईच्या तेराव्याला पारसभाऊ आले आणि माझी नजर चुकवत कोपऱ्यात बसून राहिले. जाताना म्हणाले, "ताई, आता म्हणाल त्या तारखेला येतो."

"आता कशाला? आई होती तेव्हा का नाही आलात?"

ते चपलेत पाय घालता घालता थांबले.



"काकूच आदल्या दिवशी दुकानात यायच्या. म्हणायच्या, 'पारस, उद्या जाऊ नको. तू गेलास की खोली व्हईल, मंग ती कशाला येतीया?'"