डावा तळहात

पुरात कुरुंदवाडच्या आमच्या गल्लीतून बोट निघाली आणि खाली कुणाचं अंगण असेल या विचारानंच मी बोटीची कड घट्ट धरली. शेजारच्या लिंगायत शांताक्कांनी मात्र गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्याच्याकडं टक लावली. मला राहवेना. “अक्का, त्यात काय दिसतंय?” “काय न्हाय. पर पाणीबी दिसत न्हाय. तुमच्यात भ्या वाटलं की काय करत्यात?” “बुद्धविहारात शिकवलंय, डोळे मिटायचे आणि श्वास आत आला, बाहेर गेला, एवढंच बघायचं.” “मग बघ की.” “डोळे मिटले की पाण्याचा आवाज वाढतोय.” अक्कांनी लिंगासकट तळहात माझ्याकडं सरकवला. बोट हेलकावत होती, म्हणून मी खालून माझा हात लावला. “काठ आला, उतरा,” बोटवाला ओरडला तेव्हा मी लिंगावरची नजर काढली आणि अक्कांनी मिटलेले डोळे उघडले.